जीपचे चार टायर आणि आत्याबाई

आमच्या घरात जीपच्या टायरची एक गोष्ट वर्षानुवर्षं चुकीची सांगितली जाते. लग्नकार्यात चार पाहुणे बसले की कुणीतरी म्हणतं, थोरल्या आबांची पारख काय होती, टायर असे निवडून आणले की कितीतरी पावसाळे निघाले. बसलेले माना डोलावतात. मी तिथंच कुठंतरी असते आणि माझ्या अंगाची लाही होते. कारण ते टायर थोरल्या आबांनी, म्हणजे माझ्या मामंजींनी, निवडले नव्हते. निवडले होते आत्याबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणत आणि सासऱ्याला मामंजी. हे सगळं डोळ्यांनी बघितलेली त्या घरात आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

माझं माहेर पळसदेवचं. तेव्हा गावाला धरणाचं पाणी लागलेलं नव्हतं, भीमेच्या काठानं नुसती शेतं होती. बारामतीला मामाकडं राहून मी सातवी केली, त्यामुळं इंग्रजी अक्षरं आणि आकडे मला वाचता येत. लग्न होऊन मी निरवांगीच्या शिवारात आले ती पन्नास सालानंतर दोन-तीन वर्षांनी. नीरेच्या अलीकडं आमची वस्ती होती. कालव्याचं पाणी होतं, म्हणून वांगी, मिरची, कांदा आणि पेरूची बाग. सगळा माल बारामतीच्या बाजाराला जायचा.

मामंजींनी लष्कराच्या लिलावातून एक जीप घेतली होती. हिरवी, डाव्या हाताचं सुकाणू असलेली. चारी चाकांना जोर देणारा एक छोटा दांडा तिला होता. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागत. पंचक्रोशीत अशी गाडी दुसरी नव्हती. मामंजींना तिचा अभिमान होता, आणि तो साहजिक होता. बाजाराचा माल, दवाखाना, सोयऱ्यांकडचं कार्य, खताची पोती, सगळ्याला तीच. चालवायचे आमचे मालक, म्हणजे माझे यजमान.

वस्तीपासून सडकेपर्यंतची वाट मात्र जीव खाणारी. आधी काळं रान, पावसात घोट्याएवढा चिखल. मग ओढा, त्यात वाळू. मग कालव्याच्या भरावावरची मुरमाची वाट, तिच्यात सुऱ्यासारखे दगड आणि बाभळीचे काटे. गाडी फसली की मालक उतरून इंजिनाकडं बघत. आत्याबाई उतरून जमिनीकडं बघत. त्यांच्या माहेरी पूर्वी मेंढरं होती. चिखलातल्या खुरावरून कुठली मेंढी लंगडते हे त्या लहानपणी सांगायच्या म्हणे. तशाच त्या चाकाच्या मागं वाकून चाललेल्या मी कितीदा बघितल्या. चाक जिथं धरतं तिथं ठसा खणखणीत उमटतो, आणि जिथं नुसतं फिरतं तिथं माती सारवल्यासारखी गुळगुळीत होते, हे मला त्यांनीच दाखवलं.

गाडीला आधी लष्कराचेच टायर होते. त्यांच्या गाठी माझ्या मुठीएवढ्या. दोन-तीन वर्षांत त्या झिजल्या, कडेला चिरा पडल्या आणि आतले दोरे दिसायला लागले. आठवड्यातून दोनदा पंक्चर व्हायला लागलं तेव्हा मामंजी म्हणाले, नवे टायर घेऊ. बारामतीला स्टेशनच्या वाटेवर एक टायरचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी माल उतरवून आम्ही चौघं तिथं गेलो.

दुकानदारानं मामंजींना खुर्ची दिली, चहा मागवला, मालकांना स्टूल दिलं. आम्ही दोघी दारात उभ्या. त्यानं चार टायर पुढं मांडले. काळेभोर, चकचकीत, अंगावर बारीक नागमोडी नक्षी.

"आबा, लष्कराचे टायर आता विसरा," तो म्हणाला. "पुण्याचे साहेब लोक हेच घालतात. गाडी पाण्यासारखी पळंल. सहा प्लायचा माल आहे, वर्षानुवर्षं बघायला नको."

प्लाय म्हणजे टायरच्या आतले दोऱ्यांचे थर. जितके जास्त तितका टायर दणकट.

आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "आवो, पर ह्याची नक्षी लई बारीक हाय. काळ्या रानात माती भरली की निस्तं गुळगुळीत चाक. आपल्याला सडकंचं टायर काय कामाचं? निम्मी वाट तर आपली चिखलाची."

दुकानदारानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामंजींकडं बघूनच हसला आणि म्हणाला, "वहिनींना गाडीतलं बरंच कळतं की."

मामंजीही हसले. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. ज्या बाईनं ती गाडी चिखलातून ढकलून काढली होती, तिच्या बोलण्यावर दुकानदार हसला, आणि ज्यानं एकदाही खांदा लावला नव्हता तो खुर्चीत बसून त्याला साथ देऊन हसला.

टायर माझ्यापासून हातभर अंतरावर होते. टायरच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात. मी वाचत गेले. तीन टायरांवर सहाचा आकडा होता, चौथ्यावर चारचा. त्यातल्या दोन टायरांच्या खांद्याजवळची अक्षरं कुणीतरी घासल्यासारखी पुसट होती, आणि तिथंच एक बारीक रेघ सगळीकडून फिरली होती, जशी दोन तुकडे जोडल्यावर दिसते. मी आत्याबाईंच्या कानाशी लागून हे सांगितलं.

त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ह्या एकावर चारचा आकडा हाय. बाकीच्यावर सहाचा. आन ह्या दोघांची अक्षरं घासल्याती. का घासल्याती?"

दुकानदाराचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो सावरून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं व्हय?"

आत्याबाई अंगठा करायच्या, हे त्यांच्या बोलण्यावरून दुकानातल्या सगळ्यांना कळलेलंच होतं. मामंजींचे कान लाल झाले. "कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. बोल असं काही त्या म्हणाल्या नाहीत, फक्त थोडं थांबल्या. सासऱ्यासमोर बोलायची रीत नव्हती. पण खरं सांगायचं तर मला रीत आठवलीच नाही, मी भ्याले. पदर पुढं ओढून मी खाली बघत राहिले.

"कुणी न्हाय," त्या म्हणाल्या. "मलाच वाटलं."

"गाडीत जाऊन बसा दोघी," मामंजी म्हणाले.

आम्ही जाऊन बसलो. आत्याबाईंनी ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा काढून निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या पदराच्या गाठीत बांधल्या. थोड्या वेळानं ते चार चकचकीत टायर गाडीला चढले, आणि मामंजी वाटभर गाडी कशी गार, धक्क्याशिवाय चालते ते सांगत राहिले. सडक होती तोवर ती गार चाललीही.

पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. काळ्या रानात नक्षी मातीनं भरायची आणि गाडी जागेवर नाचायची. छोटा दांडा ओढून चारी चाकं फिरवली तरी चारी घसरायची. मग बैल जोडून जीप ओढायची. हे सगळं चालत असताना मामंजी म्हणत, "औंदा पाऊसच जास्ती हाय."

भादव्यात एका सकाळी आम्ही पेरू आणि वांगी घेऊन निघालो. मामंजी नव्हते. मालक चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आत्याबाई मागं पाट्यांना हात लावून बसलेल्या. जीपला मागं जोडलेल्या छोट्या गाड्यातही माल होता, नेहमीएवढाच. कालव्याच्या भरावावर आलो आणि पुढच्या चाकातून फटफट आवाज यायला लागला, ओली गोणी आपटावी तसा. मालकांनी ब्रेक दाबायच्या आत काहीतरी सुटून चाकात गुंडाळलं गेलं. सुकाणू त्यांच्या हातातून हिसकलं. जीप भरावावरून शेताच्या बाजूला उतरत गेली आणि खालच्या चरात एका अंगावर कलंडली. पाण्याच्या बाजूला गेली असती तर हे लिहायला मी राहिले नसते.

मालकांच्या कपाळाला खोक पडली, माझा गुडघा सोलला. आत्याबाई पाट्यांसकट बाहेर फेकल्या गेल्या होत्या. उजवा हात अंगाखाली सापडलेला. मनगट वेडंवाकडं झालेलं मला लांबूनच दिसलं. शेजारच्या रानातली माणसं धावून आली. कुणी जीपला हात घातला, कुणी पेरू गोळा करायला लागलं. आत्याबाई बांधाला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे पडलेले. मी त्यांना पाणी पाजलं. पाणी पिऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "चाकात अडकलीय ती पट्टी काडून घे. टाकू नगंस."

ती पट्टी म्हणजे टायरची वरची साल होती. हातभर लांब, नवी नक्षी असलेली, आणि आतल्या बाजूनं डिंक वाळल्यासारखी खरखरीत. टायरवर जिथून ती निघाली होती तिथं खाली जुना, झिजून सपाट झालेला टायर दिसत होता. अशा टायरला रिसोल म्हणतात, जुन्या चपलेला नवा तळ मारतात तसा. रिसोल करण्यात चूक काही नाही, गरजू लोक समजून घेतात आणि जपून वापरतात. नवा म्हणून गळ्यात मारणं ही चूक. आणि त्यावर माणसं बसणार आहेत हे माहीत असून मारणं याला चुकीपेक्षा मोठा शब्द पाहिजे.

आत्याबाईंचा हात गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या लावून बांधला. मामंजी दुसऱ्या दिवशी तावातावानं बारामतीला गेले. मला वाटलं, आता त्या दुकानदाराची धडगत नाही. संध्याकाळी ते परत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "त्यो म्हणतोय, तुमी वजन जास्ती भरलं. टायर तरी काय करंल? नवा टायर त्यो सवलतीत देतोय."

मालकांनी मान खाली घातली. वजन नेहमीएवढंच होतं हे त्यांना ठाऊक होतं, कारण पाट्या त्यांनीच चढवल्या होत्या. कपाळाला चिंधी बांधलेला माणूस, आणि आपल्याच माथी दोष घेऊन गप्प. मी चुलीपाशी होते. हातातलं पीठ तसंच धरून मी उभी राहिले आणि त्या दुकानात खाली बघत उभी असलेली मी मला आठवले. त्यांच्यावर रागवायचा मला तरी काय हक्क होता? पण राग आलाच, मामंजींवर, मालकांवर आणि माझ्यावर, तिघांवरही आला.

पुढच्या बाजाराला आत्याबाईंनी मला सकाळी हाक मारली. हात झोळीत, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेली ती पट्टी. "चल," त्या म्हणाल्या. "एस्टी धरायची हाय." मामंजी इंदापूरला गेले होते. आम्ही कुणाला विचारलं नाही.

दुकानदार आम्हाला बघून आधी ओळखच देईना. मग म्हणाला, "आबा नाही आले?"

"न्हाय."

"मग घरच्या पुरुषमाणसाला पाठवा. मी बघतो काय ते."

"पुरुषमाणूस येऊन गेला," आत्याबाई म्हणाल्या. "त्येला तुमी वजन सांगितलं. मला काय सांगताय ते सांगा."

तो आत निघून गेला. आत्याबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. गोणपाट उलगडून पट्टी मांडीवर घेतली. त्या ओरडल्या नाहीत, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. दुकानात कुणी आलं की पट्टी त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "हितनं नवा म्हणून घेतला हुता. आतली बाजू बघा." माणूस पट्टी उलटी करायचा, मग त्यांच्या झोळीतल्या हाताकडं बघायचा. पहिला आलेला नुसताच परत गेला. दुसरा दुकानदाराशी काहीतरी पुटपुटून गेला. बाजाराचा दिवस, रस्ता वाहत होता. बघता बघता पायरीपाशी माणसं जमली.

दुकानदार बाहेर आला. "अहो, ही बाई अडाणी आहे," तो लोकांना म्हणाला. "हिला काय कळतं सहा काय आणि चार काय?"

तेव्हा मी बोलले. माझा आवाज इतका चिरका निघाला की मलाच परका वाटला. "आकडे मी वाचले होते," मी म्हणाले. "तीन टायरवर सहा होता, एकावर चार. दोन टायरांची अक्षरं घासलेली होती. त्या दिवशी मीच यांना सांगितलं, आणि मी गप्प बसले. आज तुमच्या दारात जे टायर आहेत ते सगळ्यांसमोर वाचून दाखवू का?"

आणि परवानगीची वाट न बघता मी वाचायला लागले. बाहेर रचलेल्या टायरांपैकी तिसऱ्याची अक्षरं घासलेली निघाली. गर्दीत मालट्रकचा एक ड्रायव्हर होता, लष्करात गाडी चालवून आलेला. त्यानं पुढं होऊन त्या टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला. "शेठ, हे रिसोल हाय," तो शांतपणे म्हणाला. "रिसोल म्हणून इका की. कोण न्हाय म्हणतंय? मीबी घीन. पर नवा म्हणून इकला तर कुणाचा तरी जीव जाईल."

दुकानदारानं गर्दीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग आवाज बदलून म्हणाला, "बाईमाणसाचा हात मोडलाय. चला, दया म्हणून तेवढा एक बदलून देतो."

"दया नगं," आत्याबाई म्हणाल्या. "चारी बदला. आमच्या गाडीची चारी चाकं वडत्यात. चारी एकसारखी पायजेत. आन निवडणार मी."

त्यानं तीन जातींचे टायर बाहेर काढले. आत्याबाईंनी प्रत्येकावर डाव्या हाताचा अंगठा दाबला, गाठींच्या मधल्या खाचांत बोटं घातली. शेजारी जनावरांचा हौद होता, त्याच्याभोवती चिखल. त्यांनी दुकानाच्या माणसाला सांगितलं, एकेक टायर त्यातून फिरवून आण. तो दुकानदाराच्या तोंडाकडं बघायला लागला, पण ट्रक ड्रायव्हरनं स्वतःच टायर उचलला आणि जोर देऊन चिखलातून लोटला. मग दुसरा, मग तिसरा. बारामतीच्या भर बाजारात एक हात गळ्यात बांधलेली बाई चिखलातल्या ठशांवर वाकून चालली होती आणि पाच-पंचवीस माणसं उभी राहून बघत होती.

एकाच्या गाठी जुन्या लष्करी टायरसारख्या, मोठमोठ्या. ड्रायव्हर म्हणाला, हाच घ्या. आत्याबाईंनी मान हलवली. "ह्यो चिखलात चांगला. पर सडकंवर थडथड करंल आन लवकर झिजंल. पिरू बाजारापातूर फुटून जातील." दुसऱ्याच्या खाचांत चिखल तसाच बसून राहिला होता. तिसऱ्याच्या मधोमध सलग जाड पट्टी होती आणि दोन्ही कडांना खोल, रुंद खाचा. लोटल्यावर त्यातला चिखल आपोआप गळून पडला आणि ठशाच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या उमटल्या. "ह्यो," त्या म्हणाल्या. "सडकंला मधली पट्टी, चिखलाला कडा." मी त्या जातीच्या चारी टायरांचे आकडे वाचले. चारींवर सहा. अक्षरं ठळक, करकरीत.

पावतीवर दुकानदारानं मामंजींचं नाव लिहिलं. मी म्हणाले, "बदलून यांनी घेतले, यांचं लिहा." तो म्हणाला, बाईच्या नावानं लिहायची पद्धत नाही. तेवढ्यात एस्टीची वेळ झाली म्हणून मी भांडण सोडलं. सोडायला नको होतं. तीच पावती पुढं मामंजी लोकांना दाखवत. टायर त्या ट्रक ड्रायव्हरनं आणि कंडक्टरनं एस्टीच्या टपावर चढवून दिले.

मामंजींनी आल्या आल्या आवाज चढवला, घराची अब्रू बाजारात मांडली म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "टायर बसवा." इतकंच. टायर बसले, जुने पुढच्या बाजाराला दुकानात परत गेले. त्या पावसाळ्याच्या शेवटी काळं रान अजून ओलं होतं, आणि जीप बैलांशिवाय बाहेर निघाली. ओढ्यातल्या वाळूतून निघाली, मुरमावर टायर कापले नाहीत. आत्याबाईंचं मनगट मात्र नीट बसलं नाही. भाकरी थापताना हात पुरता उघडायचा नाही, म्हणून त्यांच्या भाकरीची एक कड कायम जाड राहायची. त्या हाताबद्दल दुकानदारानं कधी चौकशी केली नाही. त्याचं दुकान पुढंही चालू होतं.

वर्षभरात मामंजींच्या तोंडून गोष्ट बदलत गेली. आधी "आमी बदलून घेतलं," मग "मी त्येला सरळ केला," आणि शेवटी "मी चिखलातनं फिरवून बघितलं." ते मुद्दाम खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. मला ते खोट्यापेक्षा वाईट वाटतं.

एकदा शेजारच्या वस्तीवरचे एक तात्या आले. त्यांनीही लिलावातली जीप घेतली होती आणि टायर कुठले घालावेत हे विचारायला आले होते. मामंजी सुरू झाले, मोठ्या गाठींचाच टायर घ्या, लष्कराचा, डोळं मिटून. मी चहा घेऊन आले होते. कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मामंजी, तसं न्हवतं. आपलं टायर आत्याबाईंनी निवडलं. त्यांनाच इचाराय पायजे."

मामंजी माझ्याशी पुढं पंधरा दिवस बोलले नाहीत. तात्यांनी चहा संपवला. मग ते उठले आणि परड्यात आत्याबाई मिरच्या निवडत होत्या तिकडं गेले. उन्हात बसलेल्या आत्याबाईंनी त्यांना आधी एकच विचारलं, "तुमची वाट कशी हाय, ते सांगा. काळं रान किती आन सडक किती?" तात्या चवड्यांवर बसले आणि सांगायला लागले.